पंधरा मिनिटांचा तास

१३ सप्टेंबर १९३७, सोमवार. शिकागोतल्या पाचवीतल्या एखाद्या पोराची सकाळ डोळ्यांसमोर आणून बघा. शाळा आठवड्यापूर्वीच सुरू व्हायला हवी होती, पण झालेली नाही. टेबलावर आजचं वर्तमानपत्र उघडं पडलंय आणि त्यात कुस्ती-क्रिकेटसारख्या बातम्यांच्या पानावर नव्हे, तर वेगळ्या जागी एक वेळापत्रक छापलंय : कोणत्या इयत्तेचा कोणता विषय, किती वाजता, कोणत्या रेडिओ केंद्रावर. खाली आजच्या धड्याचे प्रश्न आहेत. पोरगं वही-पेन्सिल घेऊन रेडिओसमोर बसतं. आई बटण फिरवून केंद्र लावते. थोडी खरखर होते आणि मग एक शिक्षिका बोलायला लागते. पंधरा मिनिटांत तास संपतो. मग पुढच्या इयत्तेची पाळी.

(क्रिकेट मी आपलं आपल्या सोयीसाठी म्हटलं. तिथे बेसबॉल असणार.)

२०२० मध्ये ‘इतिहासात पहिल्यांदाच घरबसल्या शाळा’ अशा अर्थाचे मथळे आपण सगळ्यांनीच वाचले. त्याच्या ८३ वर्षं आधी एका शहराने ही शाळा भरवून दाखवली होती. तिसरी ते आठवीतली सुमारे ३ लाख १५ हजार मुलं तिच्यात होती. ती का भरली, कशी चालली आणि तिच्यातून कोण बाहेर राहिलं, हे मला बारकाईने बघावंसं वाटतं. माझं शिक्षण कम्प्युटर इंजिनिअरिंगचं आहे आणि पोट सॉफ्टवेअरवर चालतं, त्यामुळे कुठलीही जुनी व्यवस्था दिसली की माहिती कुठून कुठे जाते आणि परत येते का, हे मी आधी शोधतो. इतिहासकार कदाचित वेगळीकडून सुरुवात करतील.

आधी आजाराबद्दल. पोलिओ हा उन्हाळ्यातला आजार होता. गरमी वाढली की मुलं पडायची, पाय लुळे पडायचे, काहींचा श्वास थांबायचा. तो नेमका कसा पसरतो याबद्दल तेव्हा एकवाक्यता नव्हती. माशांमुळे? पाण्यामुळे? गर्दीमुळे? त्यामुळे शहरं जे जे हाताशी असेल ते बंद करत सुटायची : पोहण्याचे तलाव, थिएटर, बागा. जोनास साल्कची लस यायला अजून १८ वर्षं होती. श्वास थांबलेल्या रुग्णासाठी ‘आयर्न लंग’ हे लोखंडी पिंपासारखं यंत्र तेवढं होतं, तेही मोजक्याच रुग्णालयांत. शिकागोकरांना ते चांगलं ठाऊक होतं, कारण फ्रेड स्नाइट नावाचा तिथल्याच एका श्रीमंत घरातला तरुण चीनमध्ये पोलिओने आजारी पडला आणि १९३७ च्याच उन्हाळ्यात त्या पिंपासकट बोटीने आणि रेल्वेने घरी आणला गेला. वर्तमानपत्रांनी तो प्रवास टप्प्याटप्प्याने छापला. देशाचा अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट स्वतः पोलिओने पायांनी अधू झालेला होता. त्याच सप्टेंबरमध्ये त्याने पोलिओविरुद्ध लढणारी राष्ट्रीय संस्था काढायची घोषणा केली. भीती अशी घराघरांत बसलेली.

त्यामुळे शाळा उघडणं पुढे ढकललं, यात नवल नाही. नवल वेगळ्याच गोष्टीचं आहे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत, म्हणजे पोलिओपेक्षा कितीतरी जास्त माणसं मारणाऱ्या साथीत, याच शिकागोने शाळा चालू ठेवल्या होत्या! अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या शहरांनी तेव्हा शाळांना कुलूप लावलं. न्यूयॉर्क आणि शिकागो या ठळक अपवादांत. त्यांचं म्हणणं साधं होतं. गरिबांची मुलं ज्या कोंदट खोल्यांत राहतात त्यापेक्षा शाळेचा वर्ग हवेशीर आहे, आणि शाळेत निदान नर्स रोज मुलाचा घसा बघते. घरी कोण बघणार? शाळा म्हणजे केवळ पाढे नव्हेत, ती मुलावर नजर ठेवणारी जागाही आहे, हे त्या वेळच्या आरोग्य खात्यांना कळलेलं होतं. पोलिओ मात्र मुलांनाच निवडून धरायचा. तिथे हा हिशेब उलटा झाला.

शाळा बंद. पुढे काय? शिकागोच्या शिक्षण विभागाचा प्रमुख तेव्हा विल्यम जॉन्सन होता. रेडिओची ही योजना त्याच्या कारकिर्दीत उभी राहिली आणि रोजच्या कामाची जबाबदारी सहायक अधीक्षक मिनी फॅलन यांच्याकडे होती. पण ती शून्यातून उगवली नाही. शिकागोच्या डब्ल्यूएलएस केंद्रावर १९२४ पासूनच शाळांसाठी एक कार्यक्रम चालायचा. त्या केंद्राच्या नावातली अक्षरं म्हणजे ‘जगातलं सर्वांत मोठं दुकान’ या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं. ते सिअर्स या दुकानदार कंपनीने काढलेलं होतं. पुढे ओहायोत, विस्कॉन्सिनमध्ये ‘हवेतल्या शाळा’ सुरू झाल्या. म्हणजे रेडिओवरून शिकवता येतं हे माहीत होतं. शाळेऐवजी रेडिओ, हे मात्र नवीन होतं.

आणि शिक्षक? त्यांच्याबद्दल एक परिच्छेद लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. मंदीच्या वर्षांत शिकागो शहराकडे पैसे नव्हते आणि शिक्षकांचे पगार महिनोन् महिने थकले. रोख रकमेऐवजी कागदी हमीपत्रं मिळायची, ती बाजारात कमी भावाने वटवावी लागायची. एप्रिल १९३३ मध्ये हेच शिक्षक, त्यात मोठ्या संख्येने बायका, शहरातल्या बँकांवर चालून गेले. त्याच वर्षी शिक्षण मंडळाने शाळांच्या खर्चाला मोठी कात्री लावली. या सगळ्याला पाच वर्षंही झाली नव्हती, तेव्हा याच शिक्षकांना सांगण्यात आलं की आता तुमच्या विषयाचा पंधरा मिनिटांचा धडा लिहा, माइकसमोर वाचा. त्यांनी लिहिला.

आता व्यवस्था बघा. मला ती फार आवडते.

सहा रेडिओ केंद्रांनी आपापला वेळ फुकट दिला. या सहांत कोण होतं ते बघण्यासारखं आहे : दुकानाने सुरू केलेलं डब्ल्यूएलएस, शिकागो ट्रिब्यून या वर्तमानपत्राचं डब्ल्यूजीएन, आणि कामगार संघटनांच्या महासंघाचं डब्ल्यूसीएफएल. ट्रिब्यून हे कट्टर मालकधार्जिणं पत्र. कामगार महासंघाशी त्याचं सात जन्मांचं वैर. दोघंही एकाच वेळापत्रकात शेजारी शेजारी बसले.

विषय वाटून दिलेले : सोमवार, बुधवार, शुक्रवार सामाजिक शास्त्रं आणि विज्ञान, मंगळवार, गुरुवार, शनिवार इंग्रजी आणि गणित. प्रत्येक धडा पंधरा मिनिटांचा. वर्तमानपत्रं रोज सकाळी वेळापत्रक, सूचना, प्रश्न छापायची. मुलांनी उत्तरं वहीत लिहायची, वही जपून ठेवायची आणि शाळा उघडल्यावर शिक्षकाला दाखवायची. विषयवार शिक्षकांच्या समित्या धडे तयार करायच्या आणि शाळांतलीच काही माणसं घरी बसून रोजचे धडे ऐकून काय जमलं, काय नाही ते कळवायची. शिवाय शिक्षण विभागाच्या कचेरीत एक टेलिफोन. काही अडलं तर पालकांनी तिथे फोन करायचा, शिक्षक उत्तर देतील.

म्हणजे तीन वेगवेगळी माध्यमं आणि प्रत्येकाला वेगळं काम. आवाज रेडिओवर, कारण आवाजात माणूस असतो. मजकूर कागदावर, कारण गणित ऐकून सुटत नाही, समोर लिहिलेलं लागतं. आणि प्रश्नासाठी फोन. आज आपण या तिन्ही गोष्टी एका स्क्रीनवर कोंबतो आणि मग मुलाचं लक्ष लागत नाही म्हणतो. १९३७ च्या लोकांकडे कोंबायला स्क्रीन नव्हती, म्हणून असेल, पण कोणतं काम कोणत्या माध्यमाला झेपतं याचा विचार त्यांना करावाच लागला. पंधरा मिनिटांची मर्यादाही अशीच. वेळ केंद्रांचा होता, फुकटचा होता, सहा इयत्तांत वाटायचा होता. पण त्या टंचाईतून निघालेला आकडा लहान मुलाच्या कानांना बरोबर बसला. लॉकडाऊनमध्ये सात-सात तासिका झूमवर बसलेली माझी मामेबहीण आठवा. नाही, तुम्हाला ती कशी आठवणार. तुमच्या घरातली तशी एखादी आठवा.

पहिल्याच दिवशी त्या फोनवर हजाराहून जास्त कॉल आले. आणखी पाच शिक्षक तिथे बसवावे लागले.

या आकड्यापाशी मी बराच वेळ थांबलो होतो. एका बाजूला तीन लाखांवर मुलं ऐकतायत. दुसऱ्या बाजूला हजार फोन. बाकीच्यांना काही अडलंच नाही? तसं नसणार. टेलिफोन ही रेडिओपेक्षा दुर्मीळ वस्तू होती. मंदीत अमेरिकेतल्या कितीतरी कुटुंबांनी महिन्याचं भाडं परवडेना म्हणून फोन काढून टाकला, पण रेडिओ ठेवला, कारण रेडिओ एकदा घेतला की ऐकायला पैसे पडत नाहीत. ऐकण्याचा रस्ता रुंद आणि विचारण्याचा रस्ता अरुंद. ज्या घरात फोन, त्या घरातल्या मुलाचा प्रश्न पोचणार. आमच्या भाषेत बोलायचं तर डाउनलोड सगळ्यांना, अपलोड थोड्यांना.

उणिवा तेव्हाच लोकांच्या लक्षात आल्या होत्या. सगळ्या घरांत रेडिओ नव्हता. असला तरी शहराच्या काही भागांत तो नीट लागायचा नाही. धडे फार भरभर जातात, अशी तक्रार होती. माइकसमोरच्या बाईंना समोरचं पोर कपाळाला आठ्या घालून बसलंय हे दिसत नव्हतं. वर्गात शिकवणारा कोणीही माणूस या आठ्यांवर चालतो. आठ्या दिसल्या की तो मागे जातो, पुन्हा सांगतो. रेडिओला मागे जाता येत नाही. शिवाय ज्या घरात तिसरीतलं, पाचवीतलं आणि सातवीतलं अशी तीन भावंडं आणि रेडिओ एक, तिथे वेळा एकमेकींवर आल्या तर कोणाचा तास बुडवायचा हे आईनेच ठरवायचं. (बहुधा मुलीचा. हा माझा अंदाज, पण तुम्हालाही तोच आला असेल.)

आणि पहिली-दुसरीची मुलं या योजनेत नव्हतीच. ज्याला वर्तमानपत्रातले प्रश्न वाचता येत नाहीत, त्याला रेडिओवरची शाळा देता येत नाही. हे तर्काला धरून आहे. हे मुद्दाम सांगून ठेवतो, पुढे लागेल.

सप्टेंबर संपता संपता साथ ओसरली, शाळा उघडल्या. हवेतली शाळा जेमतेम तीन आठवडेही चालली नाही.

आता शिकागो सोडून पुण्याला येऊ. मुलांचा नव्हे, मोठ्या माणसांचा प्रयोग आहे, पण शिकागोत जो प्रश्न अर्धवट राहिला त्याचं उत्तर माझ्या मते इथे मिळतं. १९५६ च्या सुरुवातीला आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पुणे, नाशिक, कोल्हापूर यांच्यासह पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत ‘रेडिओ मंडळं’ चालवली. गावातली वीसेक माणसं आठवड्यातून दोन संध्याकाळी एकत्र बसायची, शेती, आरोग्य अशा विषयांवरचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायची. दहा आठवड्यांत असे वीस कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद आणि चर्चा सुरू. चर्चेत काय निघालं, काय शंका आल्या ते लिहून पुण्याला पाठवायचं आणि पुढच्या कार्यक्रमांत त्या शंकांना उत्तरं मिळायची.

या प्रयोगाचं मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केलं. ते काम पॉल न्यूराथ या मूळच्या ऑस्ट्रियन समाजशास्त्रज्ञाकडे होतं. हा माणूस नाझींच्या दाखाऊ आणि बुखेनवाल्ड छळछावण्यांतून वाचून अमेरिकेला गेला होता आणि तिथून आपल्याकडे येऊन खेड्यातले शेतकरी रेडिओ कसा ऐकतात याचा अभ्यास करत होता. आयुष्य कुठून कुठे नेतं बघा. त्याने एक शहाणपणाची गोष्ट केली. मंडळ असलेली गावं तर त्याने तपासलीच, पण त्यांच्या जोडीला दोन प्रकारची आणखी गावं घेतली : जिथे रेडिओ आहे पण मंडळ नाही, आणि जिथे रेडिओच नाही. आज आम्ही याला ए-बी टेस्टिंग म्हणतो आणि त्याचा भाव वाढवतो.

निकाल स्वच्छ होता. मंडळांच्या गावांत माणसांचं ज्ञान लक्षणीय वाढलं. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फारच थोडा फरक पडला. यंत्र तेच. आवाज तोच. मग फरक कशाने पडला? ऐकून झाल्यावर एकत्र बसण्याने, आणि आपण विचारलेल्याचं उत्तर परत येतं या खात्रीने.

२०२० साली हा निकाल ६४ वर्षं जुना झाला होता. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या, दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द झाला, खालच्या इयत्ता परीक्षेविना पुढे गेल्या. मी तेव्हा नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. पुण्यातली खोली सोडून नगर जिल्ह्यातल्या आमच्या गावी येऊन लॅपटॉप उघडून बसलो. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, शेजारच्या गावी. ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ असं अभियान सरकारने जाहीर केलं आणि रोज पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अभ्यासाच्या लिंका यायला लागल्या. दीक्षा अ‍ॅप होतं. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड तर आधीपासूनच होते.

आईने पहिल्याच आठवड्यात एका जुन्या वहीत तीन रकाने आखले. ‘नेट’, ‘बटण’, ‘काहीच नाही’. तिच्या वर्गात २७ मुलं. नेटच्या रकान्यात नऊ, बटणवाल्या साध्या फोनच्या रकान्यात अकरा आणि शेवटच्या रकान्यात सात. नऊमधलेही सहा फोन सकाळी वडिलांच्या खिशातून कामाला जायचे आणि अंधार पडल्यावर घरी यायचे, म्हणजे लिंक सकाळी नऊला येवो की अकराला, अभ्यास रात्रीच. माझ्या कंपनीत आम्ही वापरकर्त्यांची अशी विभागणी करायला अख्खी टीम ठेवतो. आईची वही त्या टीमच्या डॅशबोर्डपेक्षा खरी होती, कारण फोन कोणाच्या खिशात असतो हे तिला ठाऊक होतं.

देशभरातलं चित्र वेगळं नव्हतं. ‘असर’च्या पाहणीप्रमाणे ग्रामीण भागात स्मार्टफोन असलेल्या घरांतल्या मुलांचं प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होतं, ते २०२० मध्ये ६१.८ टक्के झालं. दोन वर्षांत ही उडी! लोकांनी पोटाला चिमटा घेऊन फोन घेतले. तरी पाहणीच्या आठवड्यात शाळेकडून काही ना काही अभ्याससाहित्य मिळालेली मुलं एक तृतीयांशाच्या आसपासच होती. त्याच पाहणीतला दुसरा आकडा मात्र मला जास्त बोलका वाटतो. ज्या मुलांचे आई-वडील दोघंही प्राथमिकच्या पुढे शिकलेले नाहीत, त्यांच्यातल्याही निम्म्याहून अधिक मुलांना घरी कोणीतरी अभ्यासात मदत करत होतं. पुष्कळदा मोठी ताई किंवा दादा.

प्रसारणाची वाटही आपल्याकडे पुन्हा उघडली. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ मालिका सुरू झाली, एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने केलेली. तिच्यात फळ्यासमोर उभं राहून व्याख्यान नव्हतं. घरातल्या, अंगणातल्या वस्तू घेऊन मुलांनी काहीतरी करून बघायचं होतं. नागपूर आकाशवाणीवर ‘प्रथम’च्या सहकार्याने ‘शाळेबाहेरची शाळा’ आठवड्यातून दोनदा लागायची. मला हे दोन्ही उपक्रम आवडले आणि त्यांच्यावर त्या वेळी फार कमी लिहिलं गेलं असं माझं मत आहे. आपल्या पेपरांना अ‍ॅपवाल्या कंपन्यांचं कौतुक जास्त होतं. पूर्वीच्या काळी रेडिओ-टीव्ही म्हणजे आधुनिक आणि खडू म्हणजे जुनाट होतं. २०२० मध्ये टीव्हीच जुनाट ठरला. पण ज्या घरात डेटा नाही तिथे फुकटची डिश चालते, एवढी साधी गोष्ट होती.

दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी आईला गाडीवरून घेऊन जायचो. जुलैपासून सरपंचांची परवानगी काढून ती मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात मुलांना लांब-लांब बसवायची, एका वेळी सात-आठ. शेवटच्या रकान्यातली मुलं आधी. मी पायरीवर बसून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर ऑफिसचं काम करायचो. ती तिथे नवीन फारसं काही शिकवत नव्हती. मुलं दोन-तीन दिवसांत जे काही पाहून, ऐकून, ताईला विचारून करून आलेली असायची, ते बघायची.

चौथीतली एक मुलगी दर वेळी सगळ्यात आधी यायची. कागद पुढे करून म्हणायची, “मॅडम, हे बरोबर आहे का?”

आई बघायची. कधी बरोबर असायचं, कधी नसायचं. नसलं तर आई तिच्याकडूनच पुन्हा करून घ्यायची. मुलगी कागद घडी करून फ्रॉकच्या खिशात ठेवायची आणि जायची. एवढ्यासाठी ती दीड किलोमीटर चालत आलेली असायची. एकदा मी आईला म्हटलं, “हे तर फोनवर फोटो मागवूनही तपासता येईल की.” आई म्हणाली, “फोटोत तिने कुठे खोडलंय ते दिसत नाही.”

न्यूराथच्या प्रयोगाबद्दल मी पुढे दोन वर्षांनी वाचलं, तेव्हा हा सभामंडप आठवला. आईला न्यूराथ माहीत नाही. मी सांगितलं तर म्हणाली, “एवढं शोधायला त्याला दीडशे गावं लागली?”

शिकागोच्या गोष्टीचं उत्तरायण थोडक्यात सांगतो, कारण ते कामाचं आहे. साथ संपली म्हणून रेडिओ अडगळीत गेला नाही. १९४३ मध्ये शिकागोच्या शिक्षण मंडळाने स्वतःचं एफएम केंद्र काढलं, डब्ल्यूबीईझेड. नावातली बीई ही ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’ची. त्याचे धडे घरात नव्हे, वर्गात ऐकायचे होते. रेडिओ बोलणार आणि आठ्या बघायला शिक्षिका समोर उभी. मंडळाकडून ते केंद्र पुढे स्वतंत्र झालं आणि १९९५ मध्ये तिथूनच ‘धिस अमेरिकन लाइफ’ सुरू झालं. त्याच मंडळींनी २०१४ मध्ये ‘सीरियल’ काढलं, ज्याच्यानंतर जगभर, आपल्याकडेही, पॉडकास्टचं पेव फुटलं. तुम्ही मेट्रोत कानात घालून जे काही ऐकता त्याच्या खापरपणज्यांत शिकागोतल्या मुलांचे धडे वाचणारं एक केंद्र आहे.

शिकागोत शाळा बंद होत्या त्या जेमतेम तीन आठवडे. आपल्याकडे पाचवी ते आठवीचे वर्ग मध्ये जानेवारी २०२१ मध्ये थोडे उघडले, पुन्हा मिटले. ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले १ डिसेंबर २०२१ ला. वीस महिने. या वीस महिन्यांत जे मूल मार्चमध्ये पहिलीत होतं ते तिसरीत गेलं, कागदावर. आणि दुसरीत असायला हवं होतं ते वर्ष, ज्या वर्षात अक्षरं जुळून शब्द होतात आणि शब्द जुळून वाक्य होतं, ते गायब झालं. १९३७ च्या योजनेने पहिली-दुसरीला वगळलं ते तीन आठवड्यांसाठी. तेवढ्यात काही बिघडत नाही. आपण त्यांना वगळलं नव्हतं. लिंका त्यांनाही येत होत्या. पण ज्याला वाचता येत नाही त्याला लिंक पाठवणं म्हणजे काय, हे शिकागोच्या लोकांनी आधीच ओळखलं होतं.

आईने १ डिसेंबरला वर्ग भरवला तो इयत्तेप्रमाणे नाही. तिने फळ्यावर चार ओळी लिहिल्या. पहिल्या ओळीत सुटी अक्षरं, दुसरीत सोपे शब्द, तिसरीत एक वाक्य, चौथीत लहानसा परिच्छेद. एकेकाला जवळ बोलावून हळू आवाजात वाचायला लावलं, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. जो ज्या ओळीवर अडला तो त्या गटात. तिसरीतली पाच मुलं पहिल्या ओळीवर अडली. कपाट उघडून तिने पहिलीची पुस्तकं काढली, धूळ झटकली आणि त्यांची वेष्टनं उलटी करून घातली, कोरी बाजू वर.